वैमानिक होत्या, सैनिक नव्हत्या

दुसऱ्या महायुद्धात सुमारे १,१०० अमेरिकन स्त्रियांनी लष्कराची विमाने उडवली. कारखान्यातून नुकतीच बाहेर पडलेली लढाऊ विमाने त्यांनी देशभरच्या तळांवर नेऊन पोचवली. दुरुस्त झालेली विमाने शिकाऊ वैमानिकांच्या हाती देण्याआधी चाचणीसाठी आकाशात नेली. तोफखान्याच्या सरावासाठी विमानामागे कापडी निशाण ओढत खऱ्या गोळ्यांच्या टप्प्यात फेऱ्या मारल्या. ‘विमेन एअरफोर्स सर्व्हिस पायलट्स’ या नावाच्या आद्याक्षरांवरून त्यांना ‘वास्प’ म्हणत. लष्करी शिस्त, लष्करी हुकूम, लष्करी विमान आणि प्रसंगी लष्करी पिस्तूलही त्यांच्या वाट्याला आले. लष्करी दर्जा तेवढा आला नाही. सरकारदरबारी त्या मुलकी नोकर होत्या. त्यांच्यापैकी ३८ जणींचा सेवेत किंवा प्रशिक्षणात मृत्यू झाला, तेव्हा त्यांना लष्करी इतमामाने निरोप मिळाला नाही तो या एका नोंदीमुळे. आणि एलेन हार्मन या वास्प वैमानिकेच्या अस्थी २०१५ ते २०१६ या काळात वर्षाहून अधिक दिवस घरच्या कपाटात राहिल्या, त्याचेही मूळ तिथेच होते.

या दलाची कल्पना दोन स्त्रियांनी वेगवेगळी मांडली होती. जॅकलिन कॉक्रन फ्लॉरिडातील गरीब घरात वाढल्या, केशभूषेच्या दुकानात राबल्या, पुढे सौंदर्यप्रसाधनांच्या स्वतःच्या कारखान्याच्या मालकीण झाल्या आणि १९३८मध्ये त्यांनी बेंडिक्स ही नामांकित हवाई शर्यत जिंकली. युरोपात युद्ध पेटताच त्यांनी अध्यक्षांच्या पत्नी एलेनॉर रूझवेल्ट यांना पत्र लिहून सुचवले की, स्त्री वैमानिकांना देशांतर्गत कामे दिली तर तेवढे पुरुष आघाडीसाठी मोकळे होतील. नॅन्सी हार्कनेस लव्ह यांचा स्वभाव आणि मार्ग दोन्ही निराळे. हजारो स्त्रियांना नव्याने शिकवण्याऐवजी, ज्यांना आधीच उत्तम उडवता येते अशा मोजक्या जणींना लष्कराची विमाने पोचवण्याच्या कामावर लावावे, असे त्यांचे म्हणणे. सुरुवातीला लष्कराने दोघींनाही नकार दिला.

पर्ल हार्बरनंतर चित्र बदलले. कारखान्यांतून विमाने भराभर बाहेर पडू लागली आणि ती हलवायला माणसे पुरेनात. सप्टेंबर १९४२मध्ये डेलावेअर राज्यातील विल्मिंग्टनजवळच्या तळावर लव्ह यांच्या नेतृत्वाखाली विमाने पोचवणारे स्त्रियांचे पथक उभे राहिले. त्यात २८ जणी होत्या आणि किमान ५०० तास उड्डाणाचा अनुभव ही प्रवेशाची अट होती. कॉक्रन त्या वेळी ब्रिटनमध्ये होत्या. तिथल्या हवाई वाहतूक सेवेसाठी अमेरिकेतून २५ स्त्री वैमानिकांना त्या घेऊन गेल्या होत्या. परत येऊन पाहतात तर आपल्या गैरहजेरीत दुसरेच पथक सुरू झालेले. त्या थेट हवाई दलप्रमुख जनरल हेन्री अर्नोल्ड यांच्याकडे गेल्या आणि प्रशिक्षणाची वेगळी योजना मंजूर करून आणली. नोव्हेंबरमध्ये ह्यूस्टनला पहिली तुकडी शिकू लागली. ५ ऑगस्ट १९४३ रोजी दोन्ही उपक्रम एकत्र करून ‘वास्प’ची स्थापना झाली. कॉक्रन तिच्या संचालक झाल्या आणि विमाने पोचवणाऱ्या स्त्रियांची सूत्रे लव्ह यांच्याकडे राहिली.

पंचवीस हजारांहून अधिक स्त्रियांनी अर्ज केले. १,८३० जणींची निवड झाली आणि १,०७४ जणी प्रशिक्षण पुरे करून बाहेर पडल्या. शिकण्याची जागा म्हणजे टेक्सासमधील स्वीटवॉटर गावाबाहेरचे ‘ॲव्हेंजर फील्ड’. झाड दिसू नये असा सपाट मुलूख, उन्हाळ्यात अंग भाजणारे ऊन, सदा उडणारी धूळ. स्वीटवॉटरपर्यंतचे भाडे उमेदवार स्वतः भरत. पुरुषांच्या मापाचे ढगळ ओव्हरऑल बाह्या दुमडून आणि कमरेला पट्टा आवळून त्या वापरत. प्रशिक्षणात महिना १५० डॉलर आणि नेमणुकीनंतर २५० डॉलर मिळत. त्यातूनच खाण्या-राहण्याचा खर्च कापला जाई. अभ्यासक्रम जवळपास पुरुष कॅडेटांचाच होता. लढाईसाठीचा गोळीबार आणि कवायती उड्डाणे तेवढी वगळली होती. हवामानशास्त्र, दिशाशोधन, इंजिनाची दुरुस्ती, तारयंत्राची लिपी आणि बाहेरचे काही न पाहता केवळ उपकरणांच्या आधारे उडणे, हे सगळे त्यांना आत्मसात करावे लागे. वॉल्ट डिस्ने यांच्या स्टुडिओने रेखाटलेली ‘फिफिनेला’ नावाची पंखवाली छोटी परी त्यांचे बोधचिन्ह झाली आणि जाकिटांवर शिवली गेली.

निवडीचे दार सर्वांना सारखे उघडे नव्हते, हेही नोंदवायला हवे. शिकागोच्या जॅनेट हार्मन ब्रॅग या कृष्णवर्णीय परिचारिका वैमानिकही होत्या, पण केवळ वर्णामुळे त्यांना घेतले गेले नाही. स्त्रियांचे दल आधीच टीकेचे धनी आहे, त्यात वर्णाचा वाद नको, अशी कॉक्रन यांची भूमिका होती. ज्या अन्यायाविरुद्ध हे दल पुढे चाळीस-पन्नास वर्षे झगडले, त्याच जातीचा अन्याय त्याच्या उंबरठ्यावर झाला होता. चिनी वंशाच्या हेझल यिंग ली आणि मॅगी गी, तसेच ओग्लाला सू या आदिवासी समाजातील ओला मिल्ड्रेड रेक्सरोट यांना मात्र प्रवेश मिळाला.

कामाचा आवाका मोठा होता. सोळा महिन्यांत आणि त्याआधीच्या पथकांच्या काळात मिळून या स्त्रियांनी सुमारे सहा कोटी मैल उड्डाण केले आणि साडेबारा हजारांवर विमाने पोचवली. प्रशिक्षणाच्या हलक्या विमानांपासून पी-५१ मस्टँगसारख्या वेगवान लढाऊ विमानांपर्यंत हवाई दलाकडे असलेले जवळपास प्रत्येक प्रकारचे विमान त्यांनी हाताळले. बेटी गिलीज यांची उंची पाच फुटांच्या जेमतेम वर. पी-४७ थंडरबोल्टच्या पेडलांपर्यंत पाय पोचावेत म्हणून त्यांनी लाकडी ठोकळे तयार करून घेतले आणि १९४३च्या मार्चमध्ये ते विमान उडवले. ऑक्टोबर १९४४मध्ये ॲन बॉमगार्टनर यांनी राइट फील्डवर जेट विमान उडवले. अमेरिकन स्त्रीने जेट उडवण्याची ती पहिलीच वेळ.

बी-२९ या अवाढव्य बॉम्बफेकी विमानाची हकीकत विशेष बोलकी आहे. त्याची इंजिने तापून पेट घेत, त्यामुळे पुरुष वैमानिक ते उडवायला कचरत होते. जून १९४४मध्ये लेफ्टनंट कर्नल पॉल टिबेट्स यांनी डोरा डॉर्टी आणि डोरोथिया जॉन्सन या दोन वास्पना निवडले. दोघींनी चार इंजिनांचे विमान पूर्वी कधी चालवले नव्हते. थोड्याच दिवसांच्या शिकवणीनंतर त्या ते विमान तळातळांवर घेऊन गेल्या आणि पुरुष वैमानिकांना सोबत बसवून उडवून दाखवले. बायका उडवतात म्हटल्यावर कुरकुर थांबली आणि लगोलग वरिष्ठांनी हा प्रयोगही थांबवला. डॉर्टी यांनी पुढे डॉक्टरेट मिळवली आणि हेलिकॉप्टर उडवून विक्रमही केले. टिबेट्स यांचे नाव मात्र जगाला हिरोशिमावर बॉम्ब टाकणाऱ्या विमानाचे वैमानिक म्हणूनच ठाऊक आहे.

धोक्याची जागा आघाडीवरच असते असे नाही. नॉर्थ कॅरोलायनातील कॅम्प डेव्हिस या तळावर विमानविरोधी तोफखान्याचे शिक्षण चाले. तिथली विमाने आघाडीवरून झिजून आलेली होती आणि सुट्या भागांची चणचण होती. २३ ऑगस्ट १९४३च्या रात्री मेबल रॉलिन्सन सरावाच्या उड्डाणावर असताना त्यांचे ए-२४ विमान धावपट्टीजवळ कोसळून दुभंगले. मागे बसलेला प्रशिक्षक बाहेर फेकला गेला आणि वाचला. पुढच्या कक्षाच्या झाकणाची कडी नादुरुस्त होती. रॉलिन्सन यांना ते उघडता आले नाही आणि त्या आत जळून गेल्या. त्या मुलकी नोकर असल्याने मृतदेह मिशिगनला नेण्याचा खर्च करण्यास लष्कर बांधील नव्हते. सोबतच्या वैमानिकांनी वर्गणी काढली आणि दोघी-तिघी शवपेटीबरोबर आगगाडीने गेल्या. पेटीवर राष्ट्रध्वज घालण्याचा अधिकारही त्यांना नव्हता. कुटुंबाने तो तरीही घातला.

त्याच वर्षी मार्चमध्ये कॉर्नेलिया फोर्ट गेल्या होत्या. ७ डिसेंबर १९४१च्या सकाळी त्या होनोलुलूवर एका विद्यार्थ्याला उड्डाण शिकवत होत्या. समोरून येणाऱ्या विमानाशी टक्कर होऊ नये म्हणून त्यांनी नियंत्रण झटक्यात आपल्या हाती घेतले, आणि खालून गेलेल्या त्या विमानाच्या पंखांवर जपानचा लाल सूर्य त्यांना दिसला. पर्ल हार्बरचा हल्ला आकाशातून पाहणाऱ्या अगदी मोजक्या अमेरिकनांपैकी त्या एक. पुढे लव्ह यांच्या पथकात त्या दाखल झाल्या. २१ मार्च १९४३ रोजी टेक्सासवरून विमाने नेत असताना दुसऱ्या विमानाचा धक्का त्यांच्या पंखाला बसला आणि वयाच्या २४व्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला. लष्करी कामावर असताना मरण पावलेल्या त्या पहिल्या अमेरिकन स्त्री वैमानिक मानल्या जातात.

हेझल यिंग ली यांची गोष्ट याहून कठोर आहे. ओरेगनमधील पोर्टलंड शहरात जन्मलेल्या या मुलीने विसाव्या वर्षीच वैमानिकाचा परवाना मिळवला. जपानने चीनवर आक्रमण केल्यावर चीनच्या हवाई दलात भरती होण्यासाठी त्या तिकडे गेल्या. तिथेही स्त्री म्हणून नकार मिळाला. वास्पमध्ये आल्यावर एकदा त्यांना कॅन्ससमधल्या एका शेतात विमान उतरवावे लागले, तेव्हा जपानी सैन्य आले असे समजून शेतकरी दाताळे घेऊन त्यांच्या मागे धावला. नोव्हेंबर १९४४मध्ये त्या पी-६३ किंगकोब्रा विमान मोंटानातील ग्रेट फॉल्स येथे नेत होत्या. तिथून ही विमाने अलास्कामार्गे सोव्हिएत संघाला दिली जात. उतरतानाच्या गोंधळात दोन विमाने एकमेकांवर आदळली आणि भाजलेल्या ली दोन दिवसांनी मरण पावल्या. काही दिवसांतच त्यांचा भाऊ व्हिक्टर फ्रान्समध्ये रणगाडा दलात लढताना कामी आला. दोघांना दफन करण्यासाठी कुटुंबाने निवडलेली जागा गोऱ्यांसाठी राखीव आहे, असे दफनभूमीने सांगितले. देशासाठी दोन मुले गमावलेल्या घराला सहा हात जमिनीसाठी भांडावे लागले, आणि ते भांडून त्यांनी ती मिळवली.

तरीही या स्त्रियांना सैनिक का म्हटले गेले नाही? सुरुवातीचे कारण घाईचे होते. विमाने ताबडतोब हलवायची होती आणि मुलकी नेमणूक हा जवळचा रस्ता होता. विमाने पोचवण्यासाठी घेतलेल्या मुलकी पुरुष वैमानिकांनाही हाच रस्ता होता. फरक इतकाच की ९० दिवसांच्या परीक्षाकाळानंतर पुरुषांना अधिकारपद मिळू शके. त्याच युद्धात कचेरीत टंकलेखन करणाऱ्या आणि दूरध्वनी केंद्र सांभाळणाऱ्या हजारो स्त्रिया लष्कराच्या स्त्री दलात रीतसर सैनिक होत्या. वास्पना त्या दलात सामील करून घेण्याचा पर्याय पुढे आला होता, पण कॉक्रन यांना ते मान्य नव्हते. आपले दल स्वतंत्र राहावे आणि थेट हवाई दलाच्या हाताखाली असावे, असा त्यांचा हट्ट होता. त्यांच्याशिवाय वास्प उभीच राहिली नसती, हे खरे. त्यांच्या या हट्टाची किंमत इतर जणींनी मोजली, हेही तितकेच खरे.

१९४४मध्ये वास्पना लष्करी दर्जा देणारे विधेयक प्रतिनिधीगृहात आले. जनरल अर्नोल्ड यांचा त्याला जाहीर पाठिंबा होता. युद्धकाळात हवाई दलप्रमुखाने मागावे आणि काँग्रेसने नाकारावे, असे सहसा घडत नसे. पण वारे फिरले होते. वैमानिकांची हानी अपेक्षेपेक्षा कमी झाली होती. मुलकी वैमानिक प्रशिक्षणाच्या शाळा बंद होत असल्याने तिथले पुरुष शिक्षक बेकार होणार होते, आणि बेकार होणे म्हणजे पायदळात सक्तीची भरती. त्यांनी खासदारांना पत्रे धाडली, वर्तमानपत्रांतून मोहीम उघडली. पुरुष उपलब्ध असताना बायकांवर पैसा का उधळायचा, असा सूर लागला. २१ जून १९४४ रोजी विधेयक १८८ विरुद्ध १६९ मतांनी पडले. ऑगस्टमध्ये कॉक्रन यांनी आपल्या अहवालात लष्करी दर्जा मिळत नसेल तर दल बरखास्त करण्याचा विचार व्हावा, असे सुचवले. ते सूचनेपेक्षा आव्हान अधिक होते. लष्कराने ते शब्दशः घेतले.

७ डिसेंबर १९४४ रोजी शेवटची तुकडी स्वीटवॉटरला उत्तीर्ण झाली. तिच्यासमोर बोलताना अर्नोल्ड यांनी कबूल केले की, एखादी किडकिडीत मुलगी खराब हवामानात बी-१७ सारखे जड विमान सांभाळू शकेल का, याबद्दल आपल्याला शंका होती. आता स्त्रिया पुरुषांइतक्याच समर्थपणे उडवू शकतात हे नोंदीवर आले आहे, असेही ते म्हणाले. २० डिसेंबरला दल विसर्जित झाले. त्या दिवशी ९१६ जणी कामावर होत्या. घरी जाण्याचे भाडेही अनेकींनी स्वतः भरले. विमान कंपन्यांनी त्यांना वैमानिक म्हणून उभे केले नाही. हवाई सुंदरीचे काम तेवढे देऊ केले. दलाची कागदपत्रे गोपनीयतेच्या शिक्क्याखाली गेली आणि युद्धाचे इतिहास त्यांच्याशिवाय लिहिले गेले. युद्धकाळात एअर मेडल मिळाले ते एकट्या बार्बरा एरिक्सन यांना, पाच-सहा दिवसांत प्रत्येकी सुमारे दोन हजार मैलांच्या चार फेऱ्या करून विमाने पोचवल्याबद्दल.

एलेन डॅनफर्थ हार्मन शेवटच्या महिन्यांत सेवेत आलेल्यांपैकी होत्या. १९१९मध्ये बाल्टिमोरला त्यांचा जन्म झाला. मेरीलंड विद्यापीठात शिकत असताना सरकारी मुलकी वैमानिक प्रशिक्षणाची जाहिरात त्यांनी पाहिली. अर्जावर पालकाची सही लागे. आई सही करणार नाही याची खात्री असल्याने त्यांनी अर्ज वडिलांच्या कचेरीच्या पत्त्यावर पाठवला. १९४४मध्ये ॲव्हेंजर फील्डचे प्रशिक्षण पुरे करून त्या नेवाडातील लास व्हेगासजवळच्या तळावर रुजू झाल्या. दल बरखास्त झाल्यावर त्या संसाराला लागल्या आणि त्यांनी चार मुले वाढवली. या कामगिरीची आठवण देशाला पुन्हा करून द्यावी लागेल असे त्यांना किंवा त्यांच्या मैत्रिणींना बराच काळ वाटले नव्हते.

ती वेळ १९७६मध्ये आली. अमेरिकन हवाई दलाने स्त्रियांना वैमानिक म्हणून घेण्याचे जाहीर केले आणि लष्करी विमाने स्त्रिया प्रथमच उडवणार, अशा बातम्या झळकल्या. पन्नाशी-साठीतल्या वास्प हे वाचून खवळल्या. मैत्रिणींना पत्रे गेली, जुन्या पेट्या उघडल्या, कागद गोळा होऊ लागले. एलेन हार्मनही या मोहिमेत उतरल्या आणि वॉशिंग्टनमध्ये लोकप्रतिनिधींना भेटू लागल्या. त्यांना दोन मोलाचे साथीदार मिळाले. एक जनरल अर्नोल्ड यांचे चिरंजीव कर्नल ब्रूस अर्नोल्ड. वडिलांचे राहिलेले काम त्यांनी आपले मानले. दुसरे सिनेटर बॅरी गोल्डवॉटर. ते स्वतः युद्धात विमाने पोचवण्याच्या सेवेत होते आणि या स्त्रियांचे काम त्यांनी जवळून पाहिले होते.

विरोध जोरदार झाला, आणि तो माजी सैनिकांच्या संघटनांकडूनच. ‘अमेरिकन लीजन’चे म्हणणे असे की, एका मुलकी गटाला माजी सैनिक मानले तर इतर शेकडो गट रांगेत उभे राहतील आणि त्या पदाची किंमत उतरेल. माजी सैनिकांचे कल्याण पाहणारे सरकारी खातेही विरोधात होते. उत्तरादाखल वास्पनी भावनिक आवाहनाऐवजी पुरावे मांडले: गुप्त हुकूम, लष्करी शिस्तभंगाच्या कारवाया, पिस्तूल बाळगण्याचे आदेश. त्यातला एक कागद निर्णायक ठरला. एका वास्पला सेवामुक्त करताना कोण्या तळाधिकाऱ्याने दिलेल्या प्रमाणपत्रावर, तिने अमेरिकेच्या लष्करात सन्मानाने सक्रिय सेवा केली, असे छापलेले होते. पुरुष सैनिकांच्या प्रमाणपत्रावरची शब्दरचना नेमकी हीच. २३ नोव्हेंबर १९७७ रोजी अध्यक्ष जिमी कार्टर यांनी कायद्यावर सही केली आणि वास्प माजी सैनिक ठरल्या. १९७९मध्ये त्यांना रीतसर सेवामुक्तीची पत्रे मिळाली, १९८४मध्ये युद्धविजयाची पदके. या कायद्याने इतर मुलकी गटांनाही दर्जासाठी दाद मागण्याची वाट मोकळी झाली. युद्धात मोठी हानी सोसलेल्या व्यापारी जहाजांवरील खलाशांना ती १९८८मध्ये उपयोगी पडली.

मोठा जाहीर गौरव आणखी तीन दशकांनी झाला. १ जुलै २००९ रोजी अध्यक्ष बराक ओबामा यांनी वास्पना काँग्रेसचे सुवर्णपदक देणाऱ्या कायद्यावर सही केली. काँग्रेसतर्फे दिला जाणारा हा सर्वोच्च नागरी सन्मान. १० मार्च २०१० रोजी संसद भवनात समारंभ झाला, तेव्हा तीनशेहूनही कमी जणी हयात होत्या. सुमारे दोनशे जणी आल्या. बहुतेकींची नव्वदी जवळ आलेली किंवा उलटलेली, कित्येक चाकाच्या खुर्चीत, काही आपल्या जुन्या निळ्या गणवेशात. सर्वांच्या वतीने डीनी पॅरिश यांनी पदक स्वीकारले. मूळ पदक स्मिथसोनियन संग्रहालयाकडे गेले आणि कांस्य प्रतिकृती प्रत्येकीला किंवा तिच्या कुटुंबाला मिळाल्या. त्याआधी २००५मध्ये स्वीटवॉटरला ॲव्हेंजर फील्डवरच त्यांचे संग्रहालय उघडले होते आणि टेक्सास विमेन्स युनिव्हर्सिटीत त्यांची पत्रे, छायाचित्रे, दैनंदिन नोंदी जपल्या गेल्या. १९४४मध्ये बंद झालेले दप्तर अशा रीतीने अभ्यासकांना खुले झाले.

एवढे झाल्यावर प्रश्न मिटला असे कोणालाही वाटावे. पण १९७७च्या कायद्यात एक खाच होती. त्याने वास्पना माजी सैनिक मानले ते माजी सैनिकांच्या खात्यामार्फत राबवल्या जाणाऱ्या योजनांपुरते. त्या खात्याच्या दफनभूमींत त्यांना जागा मिळत होती. वॉशिंग्टनलगतची अर्लिंग्टन राष्ट्रीय दफनभूमी मात्र त्या खात्याकडे नाही. ती लष्कराच्या ताब्यात आहे आणि तिथे कोणाला जागा द्यायची हे लष्कर ठरवते. अध्यक्ष केनेडी यांची समाधी आणि अज्ञात सैनिकाचे स्मारक असलेल्या या भूमीत विसावणे हा अमेरिकन सैनिकाच्या दृष्टीने अखेरचा बहुमान. २००२मध्ये वास्पच्या अस्थी तिथल्या अस्थिकोनाड्यांत ठेवण्यास लष्कराने परवानगी दिली होती. मार्च २०१५मध्ये लष्कर सचिव जॉन मॅकह्यू यांनी ती मागे घेतली. आधीच्या निर्णयाला कायद्याचा आधार नव्हता, असे कारण देण्यात आले. दफनभूमीतली जागा झपाट्याने संपत असल्याचीही पार्श्वभूमी होती. कायद्याच्या अक्षरांशी हा निर्णय जुळतही असेल. पण हयात वास्पची संख्या शेकड्यात मोजण्याइतकी उरली असताना त्यांच्या अस्थिकलशांनी जागा किती व्यापली असती, याचा हिशेब अवघड नव्हता.

पुढच्याच महिन्यात, एप्रिल २०१५मध्ये, एलेन हार्मन वयाच्या ९५व्या वर्षी वारल्या. आपल्या अस्थी अर्लिंग्टनमध्ये ठेवाव्यात, असे त्यांनी स्वहस्ते लिहून ठेवले होते. कुटुंबाने अर्ज केला आणि तो नाकारला गेला. दुसऱ्या दफनभूमीत जाण्याची मुभा होती, पण मुलींनी आणि नातींनी ती घेतली नाही. त्यांनी अस्थिकलश घरात ठेवला आणि इंटरनेटवरून सह्या गोळा करायला सुरुवात केली. पावणेदोन लाखांच्या आसपास लोकांनी सह्या केल्या. नाती स्वतः खासदारांच्या कचेऱ्या पालथ्या घालत राहिल्या.

प्रतिनिधीगृहात मार्था मॅकसॅली यांनी विधेयक मांडले. युद्धात लढाऊ विमान उडवणाऱ्या त्या पहिल्या अमेरिकन स्त्री, तेव्हा वास्पचे ऋण त्यांना सांगावे लागत नव्हते. वैमानिक म्हणून घडताना त्यांनी या वृद्ध स्त्रियांकडून धीर घेतला होता. सिनेटमध्ये मेरीलंडच्या बार्बरा मिकुल्स्की आणि आयोवाच्या जोनी अर्न्स्ट पुढे आल्या, एक डेमोक्रॅट आणि एक रिपब्लिकन. १९४४मध्ये १९ मतांनी हरलेली ही बाजू या वेळी दोन्ही सभागृहांत एकही विरोधी मत न पडता जिंकली. २० मे २०१६ रोजी अध्यक्ष ओबामा यांची सही झाली आणि ७ सप्टेंबर २०१६ रोजी हार्मन यांच्या अस्थी लष्करी इतमामाने अर्लिंग्टनमध्ये ठेवण्यात आल्या. निरोपाला मानवंदना देणारी तुकडी होती, बंदुकीच्या फैरी होत्या, घडी घालून कुटुंबाच्या हाती दिलेला राष्ट्रध्वज होता. मेबल रॉलिन्सन यांना ७३ वर्षांपूर्वी यातले काहीही मिळाले नव्हते.

गौरवाचे प्रसंग त्यानंतरही येत राहिले. टेक्सासमध्ये निशाण ओढण्याचे धोक्याचे काम केलेल्या ओला मिल्ड्रेड रेक्सरोट २०१७च्या जूनमध्ये वारल्या, आणि त्याच वर्षी साउथ डकोटातील एल्सवर्थ हवाई तळाने उड्डाण व्यवस्थापनाच्या इमारतीला त्यांचे नाव दिले. गर्ट्रूड टॉम्पकिन्स सिल्व्हर यांचा शोध मात्र अजून लागलेला नाही. २६ ऑक्टोबर १९४४ रोजी लॉस एंजेलिसच्या किनाऱ्यावरील धावपट्टीवरून मस्टँग घेऊन त्या निघाल्या त्या कुठेच पोचल्या नाहीत. पुढे पाणबुड्यांच्या पथकांनी तिथल्या उपसागराचा तळ धुंडाळला, विमान सापडले नाही. बेपत्ता राहिलेल्या त्या एकमेव वास्प आहेत.

२०१६च्या कायद्याची मर्यादाही ध्यानात घेण्याजोगी आहे. त्याने वास्पना अर्लिंग्टनमध्ये हक्क दिला तो अस्थी ठेवण्याचा. तिथे जमिनीत दफन होण्याचा हक्क त्यात नाही. त्या दुसऱ्या हक्काचे निकष लष्कराकडेच आहेत आणि नियमित सेवेतील पुरुष व स्त्री सैनिकांसाठीही ते अधिक कडक आहेत. १९७७च्या कायद्याखाली ज्यांची युद्धकाळातील सेवा सक्रिय लष्करी सेवा मानली गेली, अशा इतर गटांनाही अस्थी ठेवण्याचा हाच हक्क लागू होतो.